चपलांजवळची कुबडी

मी कुबडी बोलतेय, घणसोली गावातल्या गंगारामची. जरा घाईघाईनेच बोलतेय, कारण स्वस्थ उभं राहणं मला कधी जमलंच नाही. तुम्ही म्हणाल, लाकडाला कसली आलीय तगमग? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

वाशीच्या नव्या इमारतींच्या चौकटी करून उरलेल्या लाकडातून पंढरी सुताराने मला घडवलं. वर चिंध्यांची गादी, खाली रबराचा तुकडा. गंगाराम तेव्हा नुकताच दवाखान्यातून घरी आला होता. भातशेती नव्या शहरात गेली म्हणून तो कारखान्यात लागला, आणि तिथे लोखंडी पिंप डाव्या पायावर पडून गुडघा कायमचा आखडला.

त्याची एकच सवय मला खुपायची. कुठल्याही दारात चपला काढल्या की तो मलाही तिथेच ठेवायचा. "हिला रस्त्याची घान लागते," म्हणायचा. देवळात ठीक आहे हो, पण शेजाऱ्याकडे चहाला जातानाही! आत तो भिंत धरून लंगडायचा आणि बाहेर मी चपलांच्या राशीत तळमळायची.

मग अपंगत्वाच्या लाभाचा अर्ज भरायची वेळ आली. तो मंजूर झाला तर दरमहा हक्काचे पैसे येणार होते. नाहीतर सगळं घर त्याच्या बायकोच्या, गोजराच्या, सुक्या मासळीच्या टोपलीवर. ती आधीच राबून अर्धी झाली होती. नववीतली लेक प्रिया पेन घेऊन बसली आणि एकेक प्रश्न वाचू लागली.

"आधाराशिवाय चालता येते काय?"

"येते. लिव," गंगाराम म्हणाला.

"कुठं येते?" गोजरा कडाडली. "मोरीत जाताना भिंत कोन धरते?"

"उद्या हिचं लगीन करायचं हाय. बाप लंगडा म्हनून सरकारी शिक्का मारून घेऊ?"

"प्रिया, तू 'नाय' लिव."

प्रियाने 'नाही' लिहिलं. गंगाराम तोंड फिरवून बसला. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे.

कसचं काय! तपासणीच्या दिवशी गोजराने त्याला इस्त्रीचा सदरा घालून कचेरीत नेलं. ती खिडकीवर शिक्का घ्यायला गेली आणि इकडे डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं. त्याने दारात चपला काढल्या. आणि मला, हो मलाही, त्यांच्या शेजारी आडवं केलं! अहो, मला पाय असते तर मीच आत धावले असते.

दार अर्धवट उघडं होतं. तो खुर्च्यांच्या पाठी धरत धरत आत जाऊन बसला.

"अर्जात लिहिलंय, आधाराशिवाय चालता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "मग आत कसे आलात?"

"चालत, साहेब."

"आधाराशिवाय?"

"होय, साहेब."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. मी आकांत करत होते, पण लाकडाचं ऐकतो कोण?

तेवढ्यात गोजरा परतली. मी तिला चपलांत पडलेली दिसले. तिने मला उचललं आणि पायातल्या चपलांसकट आत शिरली. "साहेब, ही यांची! ही बाहेर ठेवून आले."

"मघाशी का नाही आणलीत?" डॉक्टरांनी गंगारामला विचारलं.

"घानेरडी हाय, साहेब. तुमच्या लादीवर कशी आननार?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी गोजराला मला घेऊन दाराशी उभं केलं. "गंगाराम, आता काहीही न धरता हिच्यापर्यंत या."

तो उठला. एक पाऊल टाकलं, दुसऱ्याला डगमगला. हात भिंतीकडे गेला, पण भिंत लांब होती. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बायकोजवळ, लेकीजवळ, गावाजवळ जे कधी कबूल केलं नव्हतं ते बोलला.

"नाय जमत, साहेब. ती द्या मना."

त्याचे डोळे भरले होते. मला काखेत घेताना त्याचा सगळा भार माझ्यावर आला, आणि मला रडू फुटलं.

डॉक्टरांनी काय लिहिलं ते अजून कळलेलं नाही. पत्र यायचंय. मी इथे भिंतीला टेकून दाराकडे डोळे लावून असते, आणि जीव नुसता वरखाली होतो.

तुमच्याकडे मागणं एकच. कुठल्या दारात चपलांमध्ये माझ्यासारखी कुणी दिसली, तर ओलांडून जाऊ नका. तिला आत नेऊन द्या. आत तिचं माणूस भिंत शोधत असेल.