दुमडलेल्या पानापुढची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. मला जरा हळूच उघडा. माझ्या पाठीला दोनदा शिवण घातली आहे, आता आणखी सोसवत नाही.

माझ्यात एका साबणवाल्याची गोष्ट आहे. तो आणि त्याचा मित्र एका कढईवर धंदा सुरू करतात. पुढे साबणवाल्याला सगळा बाजार आपलाच हवासा वाटतो. एका सकाळी तो कारखान्याचं कुलूप बदलतो आणि मित्र बाहेर राहतो. शेवटच्या पानावर तो मोठ्या कचेरीत दोन कप चहा मागवतो. दुसरा कप तसाच निवत जातो.

मी नवी होते तेव्हा वाचनालयात माझ्यासाठी लोक नंबर लावत. कारकून वाचत, शिवणकाम करणाऱ्या बायका वाचत. "अगं, हा तर हुबेहूब आमचा मालक!" म्हणून हसत. मालकही वाचत, त्यांना समोरच्या दुकानाचा मालक आठवे. प्रत्येकाला माझ्यात दुसराच कोणीतरी सापडला. ते ऐकून ऐकून मी दमले.

मग मला एका बेकरीवाल्याने नेलं. बेकरी दोघा भावांची, हा धाकटा. तो भट्टीजवळ बसून वाचायचा. त्याच्या बोटांचा मैदा अजून माझ्या पानांत आहे.

"काय डोकं चालतं ह्या साबणवाल्याचं, वहिनी!"

पाव मांडता मांडता थोरल्याची बायको म्हणाली, "मी वाचलंय ते. पुढे वाचा की."

"पुढे काय असणार? जिंकतो!"

कुलूप बदलतं त्या पानाचा कोपरा त्याने दुमडला आणि मला मिटलं. थोड्याच दिवसांत थोरला पहाटे बेकरीवर आला, तर त्याची किल्ली लागेना.

दुपारी वहिनी आली. "भाऊजी, पुस्तक अर्धंच वाचलंत."

"जुनी गोष्ट आहे ती, वहिनी. आताचा धंदा वेगळा."

"धंदा वेगळा असेल. कुलूप तेच आहे," म्हणाली आणि निघून गेली.

त्याने मला डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं. मी तिथेच राहिले. बेकरी वाढली. सगळे त्याला 'साहेब' म्हणू लागले. 'भाऊजी' म्हणणारं कोणी उरलं नाही.

बऱ्याच वर्षांनी ते टेबल मोडीत निघालं. त्याने मला उचललं, धूळ झटकली, दुमडलेला कोपरा सरळ केला आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं. मग मला काखेत मारून थेट भावाच्या घरी गेला.

दार वहिनीने उघडलं.

"कोण आहे गं?" आतून थोरल्याचा आवाज आला.

"बेकरीचे मालक आलेत," ती म्हणाली.

तिने दोन कप चहा ठेवला. हा वाट पाहत बसला. थोरला बाहेर आला नाही. चहावर साय धरली. माझं शेवटचं पान मी त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याने मला वाचनालयात परत दिलं. आता मी रद्दीच्या गठ्ठ्यावर आहे. "आजच्या काळात हे कोण वाचणार?" असं ग्रंथपालबाई म्हणतात. त्यांचं बरोबरही असेल, मी थकलेच आहे.

पण मित्रांनो, कोणतंही पुस्तक असो, मध्येच पान दुमडून ठेवू नका. शेवटपर्यंत वाचा. आणि त्यात शेजारी, मालक, काका सगळे सापडले, की एकदा स्वतःलाही शोधा. चहा गरम आहे तोवर.