देवी मुक्कामाला होती तेव्हा

“जरा तिरकी करा रे, मुकुट लागेल!” विद्याधर ओरडला. चौघांनी देवीची संगमरवरी मूर्ती बेताने वाकवली आणि शेवंतीबाईंच्या खोलीत आणली. कपाटाशेजारी पाट मांडला होता. त्यावर तिला बसवलं.

“देवळाची लादी बदलून होईपर्यंत राहू दे तुमच्याकडे,” विद्याधर कपाळ पुसत म्हणाला. तो मंडळाचा सेक्रेटरी. “तुमच्याइतकं देवीचं दुसरं कोण करतं? आणि तुमची खोली तशी...”

“रिकामीच आहे की,” शेवंतीबाई म्हणाल्या.

त्यांचे यजमान दत्ताराम काविळीने गेले त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. दिवसकार्य उरकलं आणि शेवंतीबाईंनी विक्रोळीच्या त्या चाळीतलं देऊळ अंगावर घेतलं. गाभारा पुसणं, वाती, हार, शुक्रवारचं भजन, नवरात्रातला प्रसाद. खोलीवर त्या फक्त झोपायला येत. बाईंनी स्वतःला छान सावरलं, असं चाळ म्हणे.

आता देऊळ बंद होतं. भजनही बंद. सकाळची पूजा आटोपली की दिवस मोकळा पडे. त्यांनी मूर्ती पुसली, थोड्या वेळाने पुन्हा पुसली. एक स्तोत्र म्हटलं, ते संपताच घाईने दुसरं सुरू केलं. तेही संपलं. देवी मोठ्या डोळ्यांनी बघत होती आणि तिच्याशी काय बोलावं ते शेवंतीबाईंना सुचेना. ओळख नसलेला पाहुणा घरात असावा तसं त्यांना झालं. त्या भिंतीकडे तोंड करून जेवल्या.

असे काही दिवस गेले. एका दुपारी त्यांनी नैवेद्याचं ताट वाढलं, पाटासमोर ठेवलं. आपलंही वाढून घेतलं आणि समोर बसल्या. घास उचलताना त्यांचं लक्ष गेलं. जमिनीवर दोन ताटं होती.

हात तसाच राहिला. मग त्यांच्या तोंडून मालवणी निघाली. दत्ताराम गेल्यापासून या खोलीत ती कुणी बोललं नव्हतं.

“ह्येंका माझ्याकडसून व्हरताना माका एक सबद तरी इचारलंस काय गो? तुझी लादी पुसून पुसून माझे हात झिजले. एकदा तरी म्हणालंस, शेवंती, कशी आसस?”

शेजारी मालनच्या घरात रेडिओवर कामगारांचा कार्यक्रम लागला होता. शेवंतीबाई पदर तोंडात धरून रडल्या, डाळीवर साय धरेपर्यंत रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पूजा केली नाही. पाटाकडे पाठ करून चहा घेतला, कपडे धुतले, दुपारी पडून राहिल्या. संध्याकाळी दिवा लावताना मात्र हळूच म्हणाल्या, “लसणीची चटणी केलंय. तिखट लागात.”

मग रोजच बोलणं होऊ लागलं. गुडघा दुखतो. नळाला आज पाणी कमी होतं. ह्यांना सोलकढी आंबटच लागे. एकदा सांगता सांगता त्या हसल्यासुद्धा. स्तोत्रं कधी राहून जात, पण त्याची रुखरुख लागत नव्हती.

लादी बसली. लेझीम घेऊन मंडळी आली, गुलाल उधळला, चौघांनी मूर्ती उचलली. देवळात तोबा गर्दी होती. विद्याधर घामाघूम होऊन त्यांना शोधत आला.

“बाई, कुठे आहात? ओटीचे नारळ, स्वयंपाकघर, सगळं अडलंय तुमच्यावाचून!”

“मालनला सांग. तिला येतं सगळं.”

“म्हणजे? तुम्ही आता देवळात येणार नाही?”

“येणार ना. बसायला येईन.”

विद्याधरला ते कळलं नाही. कुणीतरी हाक मारली तसा तो धावला.

शेवंतीबाई गर्दीत मागेच उभ्या राहिल्या. माणसांच्या डोक्यांवरून मुकुटाचं टोक तेवढं दिसत होतं. मग त्या घरी आल्या, स्टोव्ह पेटवला, भात टाकला.

“आज काय गर्दी होती गो,” पातेल्यावर झाकण ठेवत त्या म्हणाल्या, “तुका धड बघूक पण गावला नाय—”

त्या वळल्या. कपाटाशेजारी नुसता पाट होता, त्यावर थोडा गुलाल सांडलेला.

मग स्टोव्ह बारीक केला, पाटासमोर येऊन बसल्या आणि पुढचं सांगू लागल्या.