डब्लिनातली सर्वसाधारण सभा

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही, असं मी पाण्याच्या टँकरची वाट बघत बसलेल्या मंडळींना आधीच सांगून टाकलं.

त्र्याऐंशी साली आमच्या दूध संघाची माणसं आयर्लंडला अभ्यासदौऱ्यावर गेली. तिथं डब्लिनात एका संध्याकाळी मी एकटाच हिंडत तळघरातल्या बारमध्ये शिरलो. आत बाप्ये बाप्यांचे हात धरून नाचत होते. त्या देशात तेव्हा बाप्याबाप्यांचे संबंध म्हणजे गुन्हा. माझ्या शेजारी पॅट्रिक नावाचा शाळामास्तर होता. सापडला तर त्याची नोकरी जाणार, नाव पेपरात येणार.

तेवढ्यात जिन्यावर पोलिसांचे बूट वाजले. बाजा थांबला. पॅट्रिकचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं.

ऐकणाऱ्यांनी घागरी खाली ठेवल्या. संघाचा सेक्रेटरी बब्रुवान तेवढा जमिनीकडं बघत होता.

"म्या टेबलावर चढलो," मी म्हणालो, "आन् वरडलो, विषय क्रमांक चार, मंजूर असंल त्यांनी हात वर करा. सगळ्यांनी एकमेकांचे हात सोडून वर केले. पोलिसांना वाटलं, सोसायटीची सभा हाय. गेले माघारी."

"मराठीत वरडलाव का हो, आबाराव?" सरुबाईनं विचारलं. सगळे हसले.

बब्रुवान उठून उभा राहिला.

"खोटं हाय, काका. तुमचा पासपोर्टच झाला न्हाय, तुम्ही मुंबईतनं माघारी आलाव. ही गोष्ट तुम्हाला म्या सांगितली. तिथं म्या होतो. आन् पोलीस आले तवा पॅट्रिकनं माझा हात सोडला न्हाय."