हवालदाराचा पाय

दुपारी मेंढ्या पाणी पिऊन वर आल्या आणि त्यांच्यामागून थोरल्याचा कुत्रा तीन पायांवर लंगडत आला. सकाळी हाच गडी साठ मेंढ्यांना धाकात ठेवत होता, म्हणून तर त्याला सगळे हवालदार म्हणायचे. उद्या पहाटे कळप डोंगरावर न्यायचा होता. खाली गवताची काडी उरली नव्हती, आणि हवालदाराशिवाय साठ मेंढ्या साठ वाटांनी गेल्या असत्या.

थोरल्याने त्याचा पुढचा पाय खांद्यातून ओढून पाहिला, गुडघ्यात वाकवून पाहिला. हवालदार गुरगुरला. तेवढ्यावर थोरल्याचं निदान पक्कं झालं. दगड बसलाय, आणि मारणारा दुसरा कोण असणार, धाकटा भाऊच. पाणवठ्यावर कुणाच्या मेंढ्या आधी, एवढ्यावरून दोघांनी दोन वर्षं तोंड फिरवलं होतं.

"अहो, आधी पंजा तरी बघा," बायको म्हणाली. "बोटांत काही रुतलं असेल."

थोरल्याने तिला ऐकवलं, की त्याचा जन्म जनावरांत गेलाय, त्याला कुणी शिकवायला नको. मग कुत्र्याला काखोटीला मारून तो निघाला. वाटभर चपलेत उजव्या तळव्याला काहीतरी टोचत होतं, पण वाकून बघायला राग सवड देईना. तसाच फेंगडत त्याने भावाचं अंगण गाठलं.

"माझ्या कुत्र्याला दगड का मारलास?"

धाकटा लोकर कातरत होता. कातर बाजूला ठेवून त्याने कुत्रा मांडीवर घेतला. गद्दार हवालदार शेपूट हलवायला लागला. धाकट्याने पंजा उलटा करून बोटं फाकवली. आत सुपारीएवढा काळा गोळा, त्यात खडे रुतलेले.

"डांबर आहे."

धाकट्याच्या मेंढ्यांवर खूण लाल रंगाची. डांबराचा ठिपका गावात एकट्या थोरल्याच्या कळपाला. सकाळीच ठिपके लावताना त्याने डबा लवंडला होता, आणि कोण पुसत बसणार म्हणून वर मुरूम ढकलून मोकळा झाला होता. थोरल्याला आता कुठे बघावं कळेना.

"रॉकेल लावू?" त्याने हळूच विचारलं.

"कातडी भाजेल. वर हा चाटत बसेल ते."

धाकट्याने खायचं तेल चोळून चोळून गोळा मऊ केला, ओढाताण न करता सोडवला, चिकटलेले केस कापले, पंजा साबणाने धुतला. हवालदाराने चारही पाय जमिनीवर टेकवून पाहिले आणि लगेच धाकट्याच्या कोंबड्या एका कोपऱ्यात गोळा केल्या.

थोरल्याला खूप वाईट वाटलं. पण चुकलो म्हणायची त्याच्या जिभेला सवय नव्हती. तो वळला आणि दोन पावलांत पुन्हा लंगडला.

धाकट्याने तेलाची वाटी अजून उचलली नव्हती.

"बस खाली, दादा," तो म्हणाला. "आता तुझा पाय दे."