भोपळ्यातला कंप्युटर

सांगलीत जिनपालअण्णांचं कंप्युटरचं दुकान हाय, तिथं मी कामाला हाय. कंप्युटर खोलायचा, धूळ उडवायची, खराब पार्ट बदलायचा, परत झाकायचा. पण गिऱ्हाईक माझ्याकडं येतं ते त्यासाठी न्हाई. आत आल्या आल्या इचारतं, "शंभू, नवीन कवा येणार रं? कितीला येणार?"

मला म्हाईत असतं. कंपनीनं सांगायच्या आधीच परदेशातली पोरं फोटो फोडत्यात, चिपचं आकडं फोडत्यात. इंग्रजी मला पुरतं कळत न्हाई, आकडं कळत्यात. त्यावरनं मी सांगतो, ह्यो दिवाळीला येणार, त्यो तीस हजारच्या वर जाणार. बऱ्याचदा बरोबर येतं. अण्णा त्येच्यावरच चिडत्यात.

"आरं, तू थांबा म्हणलास की गिऱ्हाईक थांबतंय! मंग दुकान कुणी चालवायचं, परदेशातल्या पोरांनी?"

"मंग खोटं सांगू व्हय?"

"खोटं नगं सांगू. गप बस."

गप बसणं मला जमत न्हाई. अकरावीत सरांनी डस्टर फेकून मारला, मी त्योच डस्टर परत फेकला. तिथंच शाळा संपली. गावाकडं कुंडलात आई अजून म्हणती, वाकला असतास तर डस्टर डोक्यावरनं गेला असता की.

मला खुपायचं ते वेगळंच. दुसऱ्यानं केलेला कंप्युटर कवा येणार, हेच मी सांगत बसायचो. एक तरी माझा असावा, त्येच्याकडं बगून लोकांनी इचारावं, ह्यो कुणी केला रं? आन कसा करायचा ते डोस्क्यात व्हतं. काळा चौकोनी डबा आता जाणार. चिपा बारीक व्हायला लागल्यात, कमी तापणार, त्येंना एवढी जागा लागणारच न्हाई. मंग डबाच कशाला पायजे? कसलाबी आकार घ्या. मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर गोल गोल कंप्युटर काढायचो. अण्णा म्हणायचे, "ही काय, इडल्या काढतोस व्हय?"

मागच्या उन्हाळ्यात मिरजंत दस्तगीरचाचांकडं कॅमेरा बसवायला गेलो. चाचा तानपुरं करत्यात, त्येंचं वडील, आजोबा पण तेच करायचे. वायर न्यायला माळ्यावर चढलो आन बगतोय तर वाशांना भोपळं टांगलेलं. वाळून तपकिरी झालेलं, काही घागरीएवढं, काही माझ्या कवळ्यात न मावणारं. मी तसाच वायर धरून उभा राहिलो.

"चाचा, ह्येच्यात कंप्युटर बसतोय!"

खालनं आवाज आला, "काय पडलं रं?"

खाली येऊन पुठ्ठ्यावर काढून दाखवलं. चाचा चष्मा वर करून बगत राहिले. हसतील असं वाटलं. हसले न्हाईत. भिंतीला दहा-बारा तानपुरं टेकवलेलं व्हतं, त्येंच्याकडं हात करून म्हणले, "ही बग. घेतंय का कोण? गाणारी पोरं मोबाईलमधला तानपुरा लावत्यात, फुकट. तुझ्या त्या डब्याला तरी गिऱ्हाईक हाय."

"पण चाचा, वर्षभर थांबू. बिनपंख्याची चिप येतीय. लय कमी तापती. तवर पंखा लावायला लागंल, आन पंखा आवाज करतोय."

चाचांनी दोनी हात पुढं केले. बोटं थरथरत व्हती, चहाच्या कपात माशी पडल्यावर चहा हलतो तसं.

"चिप पुढच्या वर्षी येतीय. पुढच्या वर्षी माझी करवत सरळ चालंल का न्हाई, ते तुझ्या मोबाईलमध्ये आलंय का?"

मी पुठ्ठ्यावर चिपंच्या शेजारी पंख्याचा गोल काढला.

"पंखा असू दे," चाचा म्हणले. "गुणगुणंल. तानपुरा तरी दुसरं काय करतोय?"

गिऱ्हाईक पण मिळालं. अण्णांचा एक पुतण्या, नाव अतिशय, पुण्यात त्येचं ऑफिस हाय. सांगलीला आला तवा त्येनं माझा पुठ्ठा बघितला. "हे भारी आहे! जगात सगळ्यांच्या टेबलावर एकच डबा. आमच्याकडे आलेल्या माणसाला कळलं पाहिजे, आम्ही इकडचे आहोत. एक करून दाखव, जमलं तर ऑफिसला दहा घेतो."

त्या दिवशी मी एसटीत उभ्यानं कुंडलला गेलो, बसायला जागा असून.

चाचांनी माळ्यावरचा सगळ्यात मोठा भोपळा काढला. भरदार आवाजाच्या गवयासाठी राखून ठेवल्याला. त्येच्यावर बोटाचं पेर मारलं. आतनं आवाज आला, लांबनं कुणी तरी व्हय म्हणल्यासारखा.

"चांगला भोपळा बोलतोय," चाचा म्हणले. मंग पेन्सिलीनं रेघ मारली आन करवत घेतली. तानपुऱ्यासाठी कापायचा तर वेगळ्या जागी कापत्यात. आमी बुडाला कापला, हवा खेळायला पाठीला भोकं पाडली. ती भोकं पण चाचांनी वेलीच्या पानागत पाडली. एकदा ही भोकं पडली की त्येचा तानपुरा व्हत न्हाई. हे मला तवा म्हाईत व्हतं. चाचांना तर व्हतंच.

कंप्युटर झाला. काय दिसत व्हता! पॉलिश केल्यावर अंगावरचं डाग मधागत चमकायचं. चालू बटणाच्या जागी चाचांनी तानपुऱ्याची खुंटी बसवली. अण्णा स्वतः मिरजला आले, सगळ्या बाजूंनी फिरून बगितलं आन म्हणले, "शाळंत तुला मिळालेलं भोपळं असं कामाला येतील, वाटलं नव्हतं."

अतिशय आला. मी खुंटी दाबली. पंखा फिरला आन भोपळा गुणगुणायला लागला. बारीक, गोड. चाचांनी डोळं मिटलं. "सा… जवळपास."

मंग अतिशयनं त्येचं मोठं काम उघडलं. चिप तापली, पंखा वाढला. गुणगुण वर चढली, आणखी वर चढली, आन भिंतीला टेकवलेलं तानपुरं आपोआप झणझणायला लागलं. कुणी हात न लावता. सगळं दुकान मधमाश्यांच्या पोळ्यागत घुमाय लागलं. अण्णांनी कानावर हात ठेवलं. चाचा मात्र हसत व्हते, डोळ्यातनं पाणी येईपर्यंत.

"मीटिंगमध्ये हे चालू झालं तर लोक उठून आरती म्हणतील," अतिशय म्हणला. "सॉरी शंभू. बिनपंख्याची चिप आली की बघू."

माझं टकुरं सरकलं. "ते आधी मीच म्हणलो व्हतो! दहा घेतो, दहा घेतो कोण म्हणत व्हतं?" अण्णांनी मला दंडाला धरून बाहेर रस्त्यावर आणलं.

मंग वाट बगणं आलं. गिऱ्हाइकांना सांगायचो तसं आता स्वतःलाच सांगायला लागलो. दिवाळीला येईल. पंचवीस हजाराच्या आत येईल. दिवाळी झाली, चिप आली न्हाई. वर मेमरीचं भाव चढायला लागलं. एआयच्या मोठ्या कंपन्या सगळा माल उचलत्यात म्हणून आपल्याला महाग, असं सगळी म्हणत व्हती. सकाळचा भाव संध्याकाळी ऱ्हायचा न्हाई. आधी घेऊन टाकलेली माणसं दुकानात येऊन हसायची, थांबलेली माझ्याकडं बगून जायची. मी काय सांगायचंच बंद केलं. अण्णा म्हणले, "आता गप बसायला लागलास व्हय, गिऱ्हाईक गेल्यावर?"

उन्हाळा लागता लागता चिप आली. पंचवीसला न्हाई, पस्तीसच्या वर. अण्णांनी बोर्ड मागवला, खोकं माझ्या पुढ्यात ठेवलं आन म्हणले, "ह्यो माझा पण भोपळाच हाय. बग काय व्हतंय ते."

मिरजंला जाऊन चाचांच्या पुढ्यात जुना बोर्ड काढला, नवीन बसवला. पंखा काढून टाकला. त्येच्या जागी ताप ओढणारी धातूची जाड पट्टी, आवाज दाबायला आत फोम, सगळं गच्च बसवलं. खुंटी दाबली.

चाचांनी कान लावला. "चालू कर की."

"चालू हाय."

"आरं कर म्हणतोय."

मी स्क्रीन त्येंच्याकडं फिरवली. काम चालू व्हतं, अतिशयचं तेच मोठं काम. चाचांनी परत कान लावला. भिंतीचं तानपुरं गप. मंग त्येंनी पेर मारलं. ठक. पाटावर मारल्यासारखं.

"आता ह्येच्यात मीठ ठेवलं तरी चालतंय," चाचा म्हणले. मंग माझं तोंड बगून म्हणले, "जमलं की रं! लेका, जमलं!"

मी व्हिडिओ कॉल लावला. अतिशय तिकडं खुर्चीतनं उठला. "आवाज? काहीच नाही? दहा फायनल. हा एक, अजून नऊ." चाचांनी कॅमेऱ्यात न बगता हात जोडलं, आन शेजारच्या पोराला चहा सांगितला, बिस्किटं पण.

"जा, माळ्यावरनं नऊ उतरव. सारखं सारखं बगून घे."

मी वर चढलो. हेच पायजे व्हतं मला. नऊ भोपळं, माझ्या डोस्क्यातलं. पहिल्यावर पेर मारलं, चाचा मारत्यात तसं, उगंच. तो बोलला. दुसऱ्यावर मारलं, त्यो वेगळा बोलला, जरा बारीक. तिसरा घोगरा. सारखं सारखं कुठलं आलं, एक दुसऱ्यागत नव्हता. मी एक काढला आन खाली घेऊन आलो.

चाचांनी पेन्सिलीनं बुडाला रेघ मारली. करवत घेतली, रेघंवर टेकवली, आन त्येंचा हात रेघंवरनं घसरला. परत टेकवली, परत घसरला. वर्षात बोटं लय बिघडली व्हती.

"तू धर करवत," चाचा म्हणले. "मी भोपळा धरतो. जमतंय, घाबरू नगंस."

मी करवत घेतली. रेघंवर ठेवली. जराशी चालवली असती तरी झालं असतं. भोपळ्याला चाचांचं हात धरलेलं, आन त्येंच्या थरथरीनं भोपळा आतनं बारीक वाजत व्हता. मला ऐकू येत व्हतं.

"चालव की."

"चाचा, ह्यो बोलतोय."

"सगळंच बोलत्यात."

"मंग कापायचं कसं?"

चाचा चिडले. एवढं चिडलेलं मी त्येंना कवा बगितलं नव्हतं. "बोलतोय! म्हणून घेणारा आला का कोण? वर्षानुवर्षं वर टांगून ठेवलंय मी. कोण आलं? आता एक आलाय, तुझ्यामुळं आलाय, आन तू… तुला कंप्युटर करायचा व्हता न्हवं?"

"व्हता."

"मंग?"

मी कुणाचंबी ऐकून न घेणारा, डस्टर परत फेकणारा, करवत खाली ठेवून उभा राहिलो. चहा आला. शेजारचं पोरगं बिस्किटाचा पुडा ठेवून गेलं. कुणी फोडला न्हाई.

मंग चाचांनी ओलं फडकं घेतलं आन भोपळ्यावरची पेन्सिलीची रेघ पुसायला लागले. रेघ गेली तरी पुसत व्हते.

"जा आता," म्हणले. "शेवटची बस जाईल." बस जायला लय येळ व्हता.

अतिशयला फोन मीच केला, बाकीचं नऊ व्हणार न्हाईत म्हणून. त्येला काय सांगितलं ते सांगण्यासारखं न्हाई, निम्म्या शिव्याच व्हत्या, आन त्येची काय चूक नव्हती. त्येनं आठवड्यानं फोटो पाठवला. पुण्यात कुणी तरी त्येला मशीनवर प्लास्टिकचं दहा भोपळं छापून दिलं व्हतं. तोच आकार, तोच रंग, अंगावरचं डाग पण तसंच, पाठीला वेलीची पानं. खाली लिहिलं व्हतं, लोक विचारतात कोणी बनवला, मी तुझं नाव सांगतो.

मी फोटो मोठा करून करून बगितला. डाग दहाच्या दहांवर एकाच जागी व्हतं.

चाचांकडं अजून जातो. गिटार दुरुस्तीला येत्यात आता त्येंच्याकडं, ती बारीक कामं मी करून देतो. माझ्याशी बोलत्यात, पण माळ्यावर जा असं म्हणत न्हाईत. भोपळं अजून तसंच टांगलेलं असणार. घेणारं आलेलं न्हाई. मी करवत चालवली असती तर बरं झालं असतं का, हे मी रोज एकदा तरी स्वतःला इचारतो, आन रोज उत्तर बदलतं.

आमचा एक अण्णांच्या दुकानात काउंटरवर ठेवलाय. बिलं त्येच्यावरच निघत्यात. आवाज न्हाई, तापत न्हाई, आकडं बगितलं तर ह्या वर्षीच्या कुठल्याबी डब्याला मागं टाकतोय. काल पलूसचा एक जण आला, त्येच्यावरनं हात फिरवला, खुंटी फिरवून बगितली.

"भारी हाय की. कुणी केला?"

अण्णांनी माझ्याकडं बगितलं. मी स्क्रू पिळत राहिलो.

"मिरजंच्या दस्तगीरचाचांनी," मी म्हणलो.

"आन ह्येचं पुढचं मॉडेल कवा येणार? थांबू का?"

"थांबू नगा," मी म्हणलो, आन काळा डबा काढून त्येच्या पुढ्यात ठेवला.