सत्यवतीला अठरावं लागलं होतं

माझा एक पाय आखूड आहे, त्यामुळे बसणारा आधी दचकतो. मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाचा जुना बाक आहे. वेंगुर्ल्याच्या सुताराने मला घडवलं, तेव्हा माझा पिवळा रंग बघायला माणसं थांबत. पुढे मला खाडीकाठच्या एका नाक्यावर नेलं. पलीकडे गोवा, तिथे पोर्तुगीजांचा अंमल होता. परवान्याशिवाय आलेल्यांना माझ्यावर बसवून चौकशी होई. "काय मजबूत बाक आहे!" असं शिपाई म्हणत. त्या मजबुतीचा काय उपयोग झाला, ते ऐका.

एकोणीसशे पंचावन्न सालची गोष्ट. आईबाप गेलेली सत्यवती धाकट्या लवूला घेऊन खाडी ओलांडून आली. त्यांना न्यायला तोंडवलीहून मावशी आली, हौसाबाई. नाक्याचा नियम असा, की अठरा वर्षं पुरी न झालेल्या पोराला नातेवाइकाच्या हवाली करायचं आणि मोठ्याला परत पाठवायचं. हौसाबाईला हे ठाऊक नव्हतं. पोरगी कुणाला भार होणार नाही, एवढंच तिला पटवायचं होतं.

"मुलीचं वय?" नाक्यावरच्या साहेबांनी विचारलं.

"मोठा चेडू आसा, साहेबानु! अठरावा वरस लागला. मासळीची पाटी एकटा उचलतला."

आमच्या किनाऱ्यावर वय असंच, चालू वर्षाने सांगतात. साहेब शहरातले. त्यांनी अठरा पुरी झाली असं धरलं. "मुलगा राहील. ही सज्ञान आहे, परत जाईल."

हौसाबाई ताडकन उठली. "अरे देवा! सतराच भरली हत! गणपतीच्या चवथीक अठरा भरतली!"

"नियम कळला आणि वय उतरलं, काय बाई?" साहेब हसले. "दाखला आहे?"

"दाखलो खंयचो? आवस गेली, घर गेला. चेडवाकडे बघा तरी!"

कुणी बघितलं नाही. सत्यवतीने लवूचा हात मावशीच्या हातात दिला. "रडा नको रे. मावशेचा ऐक." ती होडीकडे निघाली, तसा लवूने हात सोडवून माझा पाय मिठीत धरला. त्याला ओढून काढावं लागलं. मी मात्र जागचा हललो नाही.

गोवा मोकळा झाल्यावर हौसाबाई पलीकडे जाऊन गावोगाव शोधून आली. सत्यवतीचा पत्ता लागला नाही. नाका उठला, मला पडवीत टाकलं, वाळवी लागली. माझी चीड मात्र गेली नाही.

मित्रांनो, कीव येऊन मला रंग देऊ नका, एवढंच लक्षात ठेवा. तुमच्यातलं कुणी उद्या साहेब होईल. समोर परमुलखातून आलेलं मूल बसलं, तर आधी त्याच्याशी बोला. त्या दिवशी साहेब मावशीशी बोलले, शिपायांशी बोलले. माझ्यावर बसलेल्या सत्यवतीला कुणी एक शब्दही विचारला नाही.