मैदानातल्या गाठी

कौटुंबिक उद्योगांत नवे बदल का रुजत नाहीत, यावर मी पीएच.डी. केली. त्यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण वडनेरच्या मधुकररावांच्या जिनिंग कारखान्याचं. १९९९ साली मी तिथे महिनाभर मुक्काम ठोकला होता. कापसात खडा किंवा खिळा आला की रेच्यात, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात, ठिणगी उडायची. पाणी मारून ती विझवत, पण त्या दिवशी बांधलेल्या रुईच्या गाठी मधुकरराव आठ दिवस मैदानात सुट्यासुट्या ठेवायचे आणि रोज सकाळी प्रत्येक गाठीवर तळहात टेकवायचे.

"दाबलेल्या रुईत इस्तो राह्यला तर दिसत नाई, सर," ते म्हणाले होते. "आतल्या आत जळत राह्यते."

मी त्याला प्रबंधात 'वडीलधाऱ्यांची हौस' म्हटलं. शाश्वत उद्योगाला अशी आठ दिवसांची खोटी परवडत नाही, असंही ठणकावून लिहिलं. परीक्षकांनी वाहवा केली. मधुकररावांच्या मुलाने, हेमराजने, त्या पानाची झेरॉक्स टेबलाच्या काचेखाली ठेवली. बाप बोलायला लागला की तो काचेवर बोट ठेवी. मैदान ओस पडलं.

२००४च्या फेब्रुवारीत मी पुन्हा गेलो. प्रबंधाचं पुस्तक व्हायचं होतं आणि मला माझं म्हणणं खरं ठरलेलं बघायचं होतं, खोटं कशाला बोलू!

नेमकी त्याच सकाळी ठिणगी उडाली. दहा मिनिटांत रेचे पुन्हा सुरू झाले, आणि दुपारी गाठी ट्रकवर चढल्यासुद्धा. ड्रायव्हर नत्थूजी हैदराबादला निघाला होता. इतक्यात मधुकरराव काठी टेकत आले, गाठी चाचपू लागले आणि एकीपाशी थांबले.

"हे गाठ उतरव, हेमराज. इच्या पोटात इस्तो हाय."

हेमराज हसला. "सर, तुमीच हात लावून सांगा. बाबूजी तुमचं तरी मानतीन."

मी हात लावला. ताप उतरत आलेल्या पोराच्या कपाळाइतकी ऊब होती. पण हेमराज माझ्याकडे बघत होता, आणि पुस्तक छपाईला जायचं होतं.

"उन्हानं तापलीय," मी म्हणालो.

ट्रक निघाला. नत्थूजीची बायको कौशल्याबाई तिथेच कापूस निवडायची. ती लगबगीने माझ्याकडे आली.

"सर, भेवाचं काई नाई ना? आमचे हे रस्त्यात गाठीयवरच झोपतेत."

"काही नाही," मी म्हणालो. सरच म्हणतात म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. ती कामाला परतली. मला माझीच शिसारी आली.

ती लांब जाईपर्यंत मधुकरराव थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "ट्रक सकाळपासून शेडखाली उभा होता, सर. ऊन कुठून आलं?"

मी रुमालाने तळहात पुसला.

"हेमराज माह्यं ऐकत नाई. तुमी आवाज द्या. फाटकापाशीच हाय अजून."

खरंच, ट्रक फाटकाबाहेर हायवेवर वळायला थांबला होता. नत्थूजीचा खिडकीबाहेर काढलेला हात मला स्पष्ट दिसत होता.

"सर, चहा निवून राह्यला!" हेमराजने ऑफिसातून हाक मारली.

"आलो," म्हणालो आणि आत गेलो.